नवऱ्याला दिवसा अनावर झोप येते – वजन, हार्मोन की व्हिटॅमिन? जाणकारांनी मार्गदर्शन करावे

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, शुक्रवार पेठेत राहतो. नवऱ्याचं वय ३९, शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सुपरवायझर आहेत. शिफ्ट फिरती. वर्षभरापासून त्यांना दिवसा झोप आवरत नाही. जेवताना हातात घास तसाच राहतो आणि डोळे मिटतात. मागच्या आठवड्यात कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडीवर बसल्या बसल्या मान खाली गेली. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा दचकून जागे झाले. मी मागे होते, मध्ये मुलगी. तेव्हापासून ते कामावर निघाले की पंचगंगेचा पूल ओलांडून पोचल्याचा फोन येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.

लग्नाआधी ते तालमीत होते. गुडघ्याची दुखापत झाली आणि माती सुटली, खुराक मात्र सुटला नाही. म्हशीचं दूध, तूप, बदाम सगळं चालूच. तेव्हा ८६ किलो होते, आता ११२. उंची ५ फूट ८ इंच. शर्टाची कॉलर १८ नंबरचीही घट्ट होते. काही वर्षांपूर्वी माळ घातली, त्यामुळे मटण, अंडी पूर्ण बंद. रात्रपाळीच्या जेवणाने पित्त होतं म्हणून सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतात, तीही कित्येक वर्षं.

रिपोर्ट असे: व्हिटॅमिन बी१२ १५८, व्हिटॅमिन डी ११, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) २.८, हिमोग्लोबिन १५.८, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.२, टेस्टोस्टेरॉन २३६. बीपी १४६/९४.

घरात प्रत्येकाचं मत वेगळं. सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, दूध वाढव. दीर म्हणतात हार्मोनचं इंजेक्शन घ्या. मेडिकलवाल्याने व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्यात. हे स्वतः म्हणतात, "काही नाही गं, शिफ्टमुळं होतंय." मला कळत नाही सुरुवात कुठून करायची. यातलं मूळ कुठलं आणि फांद्या कुठल्या?

जोरबैठक

वहिनी, टेस्टोस्टेरॉन २३६ म्हणजे कमीच. आमच्या जिममध्ये एकाने इंजेक्शनं घेतली, महिन्यात फरक पडला. वेळ घालवू नका.

सांगलीची डॉक्टर

कृपया इंजेक्शनची घाई करू नका. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण काही गोष्टी विचारते. ते घोरतात का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद पडून मग धाप लागल्यासारखा श्वास घेतात का? सकाळी डोकं जड असतं? टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त किती वाजता दिलं होतं? आणि अजून मूल हवं आहे का?

धागाकर्ती

डॉक्टर, तुम्ही घरात येऊन बघितल्यासारखं लिहिलंत. घोरणं इतकं की पलीकडच्या खोलीत सासऱ्यांना झोप लागत नाही. आणि हो, मध्येच अगदी शांत होतात. छाती हलत असते पण श्वासाचा आवाज नाही. मी अंधारात नाकासमोर हात धरून बसते. मग एकदम मोठा घोरका येतो, कूस बदलतात आणि पुन्हा तेच. सकाळी त्यांना यातलं काहीच आठवत नाही. डोकंदुखी रोजची आहे. रक्त रात्रपाळी करून आल्यावर दुपारी जेवून दिलं होतं, लॅबवाल्याने काही विचारलं नाही. दुसरं मूल हवं आहे, दोन वर्षं वाट बघतोय.

सांगलीची डॉक्टर

मग पहिला संशय झोपेतल्या श्वासरोधाचा, स्लीप ॲप्नियाचा. मानेभोवती आणि जिभेत चरबी साठली की उताणं झोपल्यावर घशाची वाट मिटते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो, श्वास सुरू होतो. रात्रभर हेच चाललं तर आठ तास पडूनही झोप होत नाही. बीपीही यानेच चढू शकतं.

आता तुमच्या आकड्यांकडे येऊ. टेस्टोस्टेरॉन बरंचसं झोपेत तयार होतं आणि उठल्यावर सर्वांत जास्त असतं. दिवस चढेल तसं उतरतं, जेवल्यावरही उतरतं. म्हणून रक्त सकाळी उपाशीपोटी द्यायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात तर नकोच. जागरणानंतर दुपारी जेवून दिलेल्या रक्तावरून काहीच ठरवू नका. दुसरं असं की वजन वाढलं की हे हार्मोन वाहून नेणारं प्रथिन कमी होतं, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, प्रत्यक्ष कामी येणारं हार्मोन कधीकधी ठीक असतं. शिवाय चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं. वजन उतरलं की बऱ्याच पुरुषांचा आकडा आपोआप वर येतो.

इंजेक्शनबद्दल मात्र स्पष्ट लिहिते, कारण हे तरुण जोडप्यांना कुणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर जातात. मूल हवं असताना ते घेऊ नये. रक्तही घट्ट होऊ शकतं. त्यांचं हिमोग्लोबिन आधीच १५.८ आहे, आणि श्वासरोधावर उपचार झालेले नसताना तर जास्तच जपायला हवं.

जोरबैठक

मुलाचं हे मला माहीत नव्हतं. माझा सल्ला बाजूला ठेवा, वहिनी.

धागाकर्ती

मग व्हिटॅमिनचं काय? रोज लिटरभर दूध पिऊन बी१२ कमी कसं?

सांगलीची डॉक्टर

दुधात बी१२ असतं, पण अन्नातून ते सुटं व्हायला पोटातलं आम्ल लागतं, आणि पित्ताची गोळी तेच आम्ल कमी करते. त्यात मांसाहार बंद. १५८ म्हणजे कमतरता आहे, तिच्यावर उपचार हवेच. हातापायाला मुंग्या येतात का ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी बंद करायची की बदलायची हेही त्यांनाच विचारा, कारण वजनाने पित्तही वाढतं. साखर काठावर आहे. त्यासाठी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी सुरू झाली तर तिनेही बी१२ उतरतं, तेव्हा अधूनमधून तपासा.

डी चरबीत विरघळतं, म्हणून जाड माणसाच्या रक्तात ते कमी सापडतं. त्यात रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याला ऊन कुठून मिळणार? ६० हजार युनिटची गोळी आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच. काही जण रोज घेतात. त्याने कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. मेडिकलवाल्याने काय दिलंय ते एकदा पाकिटावर वाचा. दोन्ही भरून काढल्यावर अंग जरा हलकं वाटेल, पण रात्री श्वास अडकतोय तोवर दिवसाची पेंग गोळीने जाणार नाही.

उचगावकर

ताई, मी यातून गेलोय. वजन ११८ होतं, स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत, तासाला ४१ वेळा श्वास अडकत होता. ३० च्या वर गंभीर धरतात. सीपॅप मशीन लावलं, ते मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत घसा उघडा ठेवतं. मास्कची सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्या रात्री ओढून फेकला होता. मित्रांना सांगायलाही लाज वाटायची. पण दुपारची पेंग गेली आणि मग चालायला जायची इच्छा झाली. त्याआधी सगळे "व्यायाम कर" म्हणायचे, पण झोप नसलेल्या माणसाला उठवत नाही, भूकही जास्त लागते. वजन दहा टक्के उतरलं तरी अडकणं साधारण पाव हिस्सा कमी होतं, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोवर भाऊंना गाडी चालवू देऊ नका. कंपनीच्या बसने किंवा कुणाच्या मागे बसून पाठवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मी मोबाईलवर त्यांचं घोरणं रेकॉर्ड केलं आणि सकाळी ऐकवलं. पैलवान माणूस, ऐकताना एकदम गप्प झाला. मग म्हणाले, "हे किती वेळ थांबतंय गं?" छाती-फुफ्फुसाच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली आहे. इंजेक्शन नाही, हे दिरांनाही सांगितलं. शेजारचे एक जण त्याच शिफ्टला जातात, त्यांच्या मागे बसून जायला हे तयार झालेत.

सासूबाईंना दूध कमी करायचं कसं सांगू ते अजून सुचत नाही, त्यांच्या दृष्टीने ती माया आहे. आणि उचगावकर, एक विचारायचं होतं: स्लीप स्टडी घरी होते की रात्रभर दवाखान्यात राहावं लागतं? यांची पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे.

उचगावकर

माझी घरीच झाली. बोटाला, छातीला आणि नाकापाशी सेन्सर लावून झोपायचं, सकाळी यंत्र परत द्यायचं. काहींना दवाखान्यातच करायला सांगतात, ते डॉक्टर ठरवतील. शक्यतो दिवसपाळीच्या आठवड्यात करा, नेहमीची रात्रीची झोप मोजली जाईल. रेकॉर्डिंग मात्र शनिवारी बरोबर न्या, आणि शक्य असेल तर तुम्ही स्वतःही जा. त्यांना स्वतःला रात्रीचं काहीच सांगता येणार नाही.