मदत हवी आहे: वादळात टिनं उडाली, भिंत पडली. घराच्या विम्यात काय काय बसतं?

नमस्कार. मी नोकरीमुळे बुटीबोरीला राहतो, आई-बाबा घाटंजीकडच्या आमच्या गावी. परवा संध्याकाळी तिकडे जोराचं वादळ झालं. समोरच्या तीन खोल्या स्लॅबच्या, कर्ज काढून बांधलेल्या, त्या शाबूत आहेत. मागचं जुनं माजघर मात्र मातीच्या भिंतींचं, वर टिनं. अकरा टिनं उडाली, त्यातलं एक शेजारच्या काकांच्या मोटरसायकलवर पडलं. पाणी मुरून गुरांच्या कोठ्याकडची भिंत रात्रीच बसली. आई समोरच्या खोलीत होती म्हणून वाचली.

त्या माजघरात बारा क्विंटल कापूस होता, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. मी काल पोचलो तेव्हा बाबा तो ताडपत्रीवर पसरत होते. वरून पांढराच दिसतो, पण ढिगात हात घातला की गरम लागतो आणि कुबट वास येतो. वीज परत आल्यावर फ्रिजही जळाला.

बँकेनं कर्जासोबत घराचा विमा काढायला लावला होता. कागदावर 'भारत गृह रक्षा', रक्कम 10 लाख. काढताना आम्हाला सांगितलं होतं, "सगळंच येते त्यात." आता फोन केला तर नुकसान बघायला सर्व्हेअर येईल एवढंच उत्तर मिळतं. बाबा विचारतात, "कापूस तं घरातच होता ना बा, मंग तो घराच्या विम्यात नाई का येत?" काय सांगू त्यांना? आणि सर्व्हेअर येईपर्यंत टिनं तशीच ठेवायची का? पुन्हा पाऊस आला तर उरलेल्या भिंतीही जातील.

प्रतिसाद १

भाऊ, आधी आई-बाबा सुखरूप आहेत हे फार बरं झालं. मी विम्याच्या दाव्यांचं काम करतो.

ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे सारख्याच मजकुराची आहे. आग, वीज पडणं, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सगळं त्यात येतं. म्हणजे टिनं आणि भिंत वादळानं गेली हे कारण बसतं. प्रश्न आहे तो माजघर पॉलिसीत लिहिलंय का याचा. प्रस्तावात, म्हणजे विमा काढताना भरलेल्या अर्जात, किती चौरस फूट आणि कसलं बांधकाम दाखवलंय ते आजच बघा. कर्जाच्या वेळी बरेचदा फक्त नवीन स्लॅबचंच मोजमाप टाकतात. तसं असेल तर माजघरावरून वाद होईल, आणि तो तुम्हाला आधीच माहीत असलेला बरा.

कापसाचं सांगताना मला वाईट वाटतं. पॉलिसीत 'सामान' म्हणजे पलंग, कपाट, भांडी, कपडे, टीव्ही असं घरगुती. विकायला ठेवलेला माल त्यात धरत नाहीत. त्याचा वेगळा विमा लागतो. पीक विमाही शेतातल्या पिकाचा, घरात आणून रचलेल्या मालाला तो चालत नाही.

फ्रिजचंही कठीण आहे. शॉर्ट सर्किटनं किंवा विजेचा दाब वाढून जे उपकरण जळतं, ते उपकरण वगळलेलं असतं. त्यातून आग लागून बाकी घर जळालं तर ते मिळतं. काकांची गाडीही तुमच्या पॉलिसीत नाही, त्यांनी त्यांच्या गाडीच्या विम्यात पाहावं, सर्वसमावेशक असेल तर मिळेल. सामानाचा विमा घेतलेला असेल तर माजघरातली भिजलेली कपाटं, कपडे यांची यादी जरूर करा. त्यात इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांइतकं सामान आपोआप धरलेलं असतं, म्हणजे 10 लाख इमारतीचे असतील तर 2 लाख; त्याहून जास्त हवं असेल तर ते काढतानाच वेगळं नोंदवावं लागतं.

ताडपत्री बिनधास्त टाका. नुकसान वाढू न देणं हे विमेदाराचंच काम आहे. फक्त आधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि उडालेली टिनं भंगारवाल्याला देऊ नका. कर्ज बाकी असल्यामुळे दाव्याचे पैसे आधी बँकेच्या नावे येऊ शकतात, तेही विचारून ठेवा.

प्रतिसाद २

तलाठ्याला सांगून पंचनामा आजच करून घ्या. गावात एकदा साफसफाई झाली की कुणालाच काही दिसत नाही. आमची भिंत पडली तेव्हा आम्ही दोन दिवस उशीर केला, त्याचा फार त्रास झाला. आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 च्या निकषांत अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4,000 आणि पक्क्या घराला 6,500 रुपये आहेत, पडझड किमान 15 टक्के हवी. रक्कम थोडीच आहे, पण पंचनाम्याचा कागद विम्यालाही उपयोगी पडतो. दावा नाकारला तर कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही.

मूळ लेखक

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच कागद उघडून बसलो. प्रस्तावात फक्त 620 चौरस फूट, 'पक्के बांधकाम' लिहिलंय. म्हणजे समोरच्या तीन खोल्याच. माजघराचा कुठे उल्लेख नाही. सही बाबांचीच आहे.

तलाठी उद्या सकाळी येतो म्हणाले. टिनं वेचून कोठ्याला टेकवून ठेवली, फोटो काढले. कापसाचं बाबांना अजून सांगितलेलं नाही. ते आत्ताही बाहेर ढीग उलटा-पालटा करत आहेत.