काकांचा लॅपटॉप, पार्किंगची यादी आणि बी-४०४

(सोसायटीचा ग्रुप. नावांच्या जागी फ्लॅट नंबर.)

ए-२०१ काका: लॅपटॉप बंद पडलाय. इंटरनेट पूर्ण गेलं. बी-४०४ घरी आहेस का गं?

ए-५०३: काका सरळ फॉरमॅट मारा. अर्ध्या तासाचं काम.

सी-३०२ काकू: आमचं नेट चालू आहे. व्हायरसच असणार.

डी-१०३: एखादा क्लीनर टाकून बघा. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही, साफ झाली की मशीन पळतं.

ए-२०१ काका: फोटो पाठवलाय बघ.

बी-४०४: आहे घरी. फॉरमॅट नको, क्लीनरही नको, थांबा जरा. काका, फोटोत खिडकीचं प्रतिबिंब जास्त आणि स्क्रीन कमी आहे. आधी एवढंच सांगा. लॅपटॉप सुरू होतोय ना? मग तो बंद पडलेला नाही. त्याच वायफायवर तुमच्या फोनमध्ये एखादी साइट उघडते का?

ए-२०१ काका: फोनवर सगळं व्यवस्थित. हा मेसेजही वायफायवरूनच पाठवतोय.

बी-४०४: म्हणजे इंटरनेट गेलेलं नाही, राउटरही ठीक. जे काय आहे ते लॅपटॉपमध्ये. आता लॅपटॉपवर एकच साइट अडते की सगळ्या?

ए-२०१ काका: सगळ्या. बँक, बातम्या, मेल. लाल त्रिकोण येतो आणि तुमचं कनेक्शन खाजगी नाही असं इंग्रजीत म्हणतो. कोणीतरी हॅक केलंय का?

ए-५०३: खाली अ‍ॅडव्हान्स्ड म्हणून बटण असतं काका, ते दाबून पुढे जा. मी नेहमी तेच करतो.

बी-४०४: ए-५०३, बँकेच्या पानावर हे कधीही करायचं नाही. तो इशारा खरा असला तर पासवर्ड भलत्याच्या हातात जातो. काका, त्या पानावर सगळ्यात खाली बारीक करड्या अक्षरांत एक ओळ असेल. ती अक्षर न अक्षर टाइप करा. अर्थ लागला नाही तरी चालेल.

ए-२०१ काका: नेट एरर सर्ट डेट इनव्हॅलिड

बी-४०४: सापडलं. काका, लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात आज तारीख काय दिसते?

ए-२०१ काका: १ जानेवारी २०१९!!

सी-३०२ काकू: अगं बाई.

खजिनदार: तारखेचा आणि इंटरनेटचा काय संबंध?

बी-४०४: बराच आहे. प्रत्येक सुरक्षित साइट ब्राउझरला एक प्रमाणपत्र दाखवते. त्यावर "या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध" असं लिहिलेलं असतं. ब्राउझर त्या तारखा लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडून बघतो. काकांच्या लॅपटॉपच्या मते अजून २०१९ चालू आहे, त्यामुळे आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला भविष्यातली वाटतात. पूर्वी ही प्रमाणपत्रं दोन-तीन वर्षांची असायची. २०२० पासून ती जास्तीत जास्त ३९८ दिवसांची झाली, मार्च २०२६ पासून नव्यांना २०० दिवसांची मर्यादा आहे, आणि २०२९ मध्ये ती ४७ दिवसांवर येणार आहे. म्हणजे घड्याळ दोन-तीन महिने चुकलं तरी बऱ्याच साइट अडतील. फोन वेळ नेटवर्कवरून घेतो, म्हणून तो सुखात आहे.

ए-२०१ काका: मग आता करू काय?

बी-४०४: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. "सेट टाइम ऑटोमॅटिकली" आधी बंद करा आणि तारीख-वेळ हातानं बरोबर टाका. टाइम झोनही बघा. मग ऑटोमॅटिक परत चालू करून "सिंक नाउ" दाबा. नुसतं सिंक दाबलं तर फरक एवढा मोठा असताना विंडोज कधीकधी ऐकत नाही, म्हणून आधी हातानं.

(दहा मिनिटं शांतता. मध्ये सी-४०१ नं लिफ्ट बंद आहे का विचारलं, सेक्रेटरींनी "चालू आहे, दार नीट लावा" असं कळवलं.)

ए-२०१ काका: उघडलं सगळं!! बँकही. जय हो.

ए-५०३: इंटरनेटवर ४०४ म्हणजे "पान सापडलं नाही". ४०४ ला सगळं सापडतं हे पहिल्यांदाच बघतोय.

बी-४०४: हा विनोद घर घेतल्यापासून ऐकतेय. काका, काम अजून संपलेलं नाही. घड्याळ मागे गेलं कशानं? लॅपटॉप बरेच दिवस चार्ज न करता पडून होता का?

ए-२०१ काका: हो. मुलाकडे गेलो होतो, बॅगेतच राहिला.

बी-४०४: मग बहुतेक तेच कारण. मशीन बंद असतानाही घड्याळ चालू राहायला थोडी वीज लागते. डेस्कटॉपमध्ये त्यासाठी बटणासारखी गोल बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, नाव त्यावरूनच पडलंय. काही लॅपटॉपमध्ये ती वेगळी असते, काहींत मुख्य बॅटरीवरच भागवतात. आज रात्री बंद करून सकाळी तारीख बघा. बरोबर राहिली तर विसरून जा. परत २०१९ आली तर बॅटरी बदलून घ्यावी लागेल. आणि काका, घड्याळ बरोबर असताना फक्त एकाच साइटवर असा इशारा आला तर तिथून मागे फिरा. ती गडबड तुमच्याकडची नसते.

डी-१०३: तरी क्लीनरनं फायदा होतो हं ताई. माझा अनुभव आहे.

बी-४०४: डी-१०३ काका, रजिस्ट्री "साफ" केल्यानं मशीन पळत नाही. चार नोंदी जास्तीच्या असल्या तरी विंडोजला फरक पडत नाही, आणि नको ती नोंद उडाली तर मात्र प्रोग्रॅम उघडेनासे होतात. खुद्द मायक्रोसॉफ्ट असल्या साधनांना पाठिंबा देत नाही. तुम्ही क्लीनर चालवल्यावर तो मशीन रीस्टार्ट करायला सांगतो ना? फायदा त्या रीस्टार्टचा असतो.

डी-१०३: पण मी तर रोज रात्री शट डाउन करतोच की.

बी-४०४: तिथेच तर मेख आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आहे, आणि बऱ्याच मशीनवर ती आधीपासून चालू असते. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (वायफाय, प्रिंटर असे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) आहेत तसे डिस्कवर लिहून ठेवले जातात. सकाळी तेच उचलून परत सुरू. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. रीस्टार्ट केलं तरच सगळं पहिल्यापासून उभं राहतं. खात्री करायची तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक करून "अप टाइम" बघा, म्हणजे विंडोज किती वेळ सलग चालू आहे ते.

डी-१०३: ४१ दिवस?? काल रात्रीच तर बंद केला होता!

बी-४०४: आता रीस्टार्ट द्या. शट डाउनच हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा, तेव्हा ते पूर्ण बंद होतं.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर मॅडम, माझंही एक. सोसायटीच्या अ‍ॅपमधून पार्किंगची यादी डाउनलोड केली, सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर. एक्सेलमध्ये उघडली तर मराठी नावांचा पार चुथडा झालाय. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, मग चार पाय फुटलेलं वर्तुळ, मध्येच जपानी येनची खूण. अ‍ॅपवाल्याला दोनदा तक्रार केली. तो म्हणतो फाइल बरोबर आहे.

बी-४०४: सर, तो खरं बोलत असण्याची शक्यता जास्त. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघता?

सेक्रेटरी: अरेच्चा. यात मराठी स्वच्छ दिसतंय.

बी-४०४: म्हणजे फाइल ठीक, वाचणारा चुकतोय. मला ही भानगड फार आवडते, म्हणून जरा लांबण लावते. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला एक क्रमांक आहे. यूटीएफ-८ पद्धतीनं फाइलमध्ये लिहिताना एका चिन्हाचे तीन बाइट, म्हणजे साठवणीचे तीन छोटे तुकडे, होतात. आपल्या लिपीत पहिला बाइट कायम तोच, आणि दुसऱ्याला दोनच पर्याय. एक्सेलला फाइलच्या सुरुवातीला "ही यूटीएफ-८ आहे" अशी खूण मिळाली नाही, तर ते जुन्या युरोपीय तक्त्याप्रमाणे एकेक बाइट सुटा वाचतं. त्या तक्त्यात पहिला बाइट म्हणजे तुमचा रेघवाला ए. दुसरा एक तर पाय फुटलेलं वर्तुळ, नाही तर येनची खूण. म्हणून दर तिसऱ्या अक्षराला तोच ए दिसतो. हा असा नक्षीदार कचरा दिसला की समजायचं, आत मराठी शाबूत आहे.

डी-१०३: माझी जुनी पत्रं आहेत, तीही अशीच दिसतात. पण त्यात साधी इंग्रजी अक्षरंच आहेत, ए वर रेघ वगैरे नाही.

बी-४०४: तुमचं दुखणं निराळं. ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असणार. त्या फाइलमध्ये खरोखरच इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट नसला की पडदा उघडतो. त्याला तोच फॉन्ट हवा, नाही तर युनिकोडमध्ये बदलून देणारा कन्व्हर्टर. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, घोळ तिथेच होतो.

खजिनदार: सेक्रेटरीसाहेबांच्या यादीत अजून एक गंमत आहे. माझा स्लॉट २-११, म्हणजे दुसरा मजला, अकरावी जागा. त्यांच्या एक्सेलमध्ये तिथे २ नोव्हेंबर लिहिलंय. त्यांनी फाइल मला पाठवली, मी माझ्या लॅपटॉपवर उघडली तर ११ फेब्रुवारी!

सी-३०२ काकू: आमचा २-४५ आहे. तो फेब्रुवारी १९४५ झालाय. माझ्याही जन्माच्या आधीचा.

बी-४०४: एक्सेलला दोन आकड्यांमध्ये रेघ दिसली की तारीखच वाटते. सरांच्या मशीनवर दिवस आधी, खजिनदारांच्या मशीनवर महिना आधी अशी सेटिंग असणार. ४५ नावाचा दिवसही नाही आणि महिनाही नाही, म्हणून त्यानं ते वर्ष धरलं. हसू नका, याच सवयीमुळे शास्त्रज्ञांना माणसाच्या जनुकांची नावं बदलावी लागली. मार्च१, सेप्ट१ अशी संक्षिप्त नावं होती, एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं. शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीनं २०२० मध्ये मार्च१ चं मार्चएफ१ आणि सेप्ट१ चं सेप्टिन१ केलेलं जाहीर केलं. मायक्रोसॉफ्टनं हे रूपांतर बंद करायची सोय त्यानंतर, २०२३ मध्ये दिली.

ए-५०३: सेल निवडून फॉरमॅट टेक्स्ट केलं की झालं ना?

बी-४०४: नाही होत. करून बघ, ४५ हजारांच्या पुढचा आकडा दिसेल. एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासूनचे दिवस मोजून ठेवतं. "२-११" असं कुणी लिहिलं होतं हे त्या सेलला आता आठवतही नाही. सर, महत्त्वाचा प्रश्न. ती फाइल उघडून सेव्ह केलीत का?

सेक्रेटरी: केली. विचारत होतं, यस म्हटलं.

बी-४०४: मग ती प्रत बाजूला ठेवा, अ‍ॅपमधून नवी डाउनलोड करा आणि तिच्यावर डबल क्लिक करू नका. रिकामं एक्सेल उघडा. वर डेटा, मग "फ्रॉम टेक्स्ट ऑर सीएसव्ही", फाइल निवडा. एक खिडकी येईल. "फाइल ओरिजिन"मध्ये ६५००१, युनिकोड यूटीएफ-८. शेजारी "डेटा टाइप डिटेक्शन" असेल, तिथे "डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स". मग लोड. पहिल्यानं नावं सुधारतील, दुसऱ्यानं तारखा.

खजिनदार: मोबाइल नंबरांपुढचा शून्यही उडतो, तोही राहील का?

बी-४०४: राहील. आणि १५ अंकांपेक्षा लांब नंबर असले की एक्सेल पुढच्या अंकांचे शून्य करतं, तेही वाचतील. खाते क्रमांक असलेल्या याद्या कायम अशाच उघडा.

सेक्रेटरी: झालं! नावं आली, २-११ आला. आता ग्रुपवर टाकतो.

बी-४०४: सर, ग्रुपवर पीडीएफ टाका. एक्सेल टाकली की दहा जण आपापल्या फोनवर उघडणार, आणि त्यात सगळ्यांचे मोबाइल नंबरही आहेत. तो रकाना लपवू नका, काढूनच टाका.

ए-२०१ काका: मघाशी तू फोटोला नावं ठेवलीस. मग पाठवायचं कसं?

बी-४०४: विंडोज, शिफ्ट आणि एस एकदम दाबा, माउसनं चौकोन ओढा, मग इथे पेस्ट. छोट्या चौकटीत एरर आली असेल तर त्यावर क्लिक करून कंट्रोल सी दाबा, बऱ्याच चौकटींतला मजकूर तसाच कॉपी होतो. पण पाठवायच्या आधी खातं, शिल्लक काही दिसत नाही ना ते बघा.

सी-३०२ काकू: मला काल स्क्रीनभर आलं होतं, व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा. आवाजही येत होता. केला नाही मी फोन.

बी-४०४: उत्तम केलंत. विंडोज असा नंबर कधीच देत नाही, ते नुसतं एक वेबपेज असतं. बंद होत नसेल तर मघाचं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर संपवा. परत उघडल्यावर जुनी पानं आणू का विचारलं तर नाही म्हणा. आणि फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकू नका, तो कितीही गोड बोलला तरी.

सेक्रेटरी: यादीची पीडीएफ टाकली आहे. सर्वांनी आपापला स्लॉट तपासावा.

डी-१०३: रीस्टार्ट केला, खरंच हलका झालाय. पण यादीत माझा स्लॉट १-०७ सी-६०१ च्या नावावर आहे. हेही एक्सेलचंच का?

बी-४०४: नाही काका. नोटपॅडमध्ये बघितलं तरी तेच दिसेल. ते सेक्रेटरीसरांना विचारा.

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगला घेऊ.