अनुभव धागा : पावसातली सायकल

पावसात सायकल कोपऱ्यात उभी करायची गरज नाही, घरी आल्यावरची देखभालीची १५ मिनिटं मात्र चुकवू नका. कोण काय करतं, किती आणि कशासाठी, ते नेमकं लिहा.

*

रिम ब्रेकवाल्यांसाठी (ज्यांचा ब्रेक चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, दाबतो) आधी हे. ओल्या रिमवर ब्रेक दाबला की सुरुवातीच्या फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात, पकड नंतर येते. म्हणून उतार किंवा वळण यायच्या आधीच लिव्हर हलका दाबून रिम पुसून घ्या. ब्रेकमधून खरखर येऊ लागली तर चाक काढून ब्रेक शू (रिमवर दाबणारे रबरी ठोकळे) बघा. रबरात वाळू आणि ॲल्युमिनियमचे चकाकणारे कण रुतलेले दिसतील. ते सुईने टोकरून काढा आणि ब्रेक शूचं रबर पॉलिश पेपरवर (सँडपेपरवर) दोन-चारदा घासा. कण तसेच राहिले तर रिमवर कानस चालवल्यासारखं होतं. शू बदलणं सोपं आहे, रिम बदलायची तर अख्खं चाक पुन्हा बांधावं लागतं.

*

डिस्क ब्रेक असेल तर पावसात रेझिन पॅड भराभर झिजतात, मेटल पॅड जास्त टिकतात. मेटल पॅड घेण्याआधी रोटरवर (पॅड दाबतात त्या चकतीवर) ‘फक्त रेझिन’ असं कोरलेलं नाही ना, ते बघा.

*

चेनबद्दल सविस्तर, कारण चूक इथेच होते. ओल्या चेनवर तेल घालू नका, पाणी आत कोंडतं. कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल १०-१२ वेळा उलटं फिरवा, मग थोडा वेळ वाळू द्या. त्यानंतर ‘वेट’ प्रकारचं (पावसासाठीचं) तेल, खालच्या चेनच्या आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर (कड्यांमधल्या फिरत्या नळीवर) एकच थेंब. १० मिनिटं मुरलं की बाहेरचं सगळं पुसून काढा. तेलाचं काम पिन आणि रोलरच्या मध्ये असतं. बाहेर राहिलेलं तेल वाळू धरतं आणि चेन, कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) दोन्ही घासून काढतं. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला चांगलं, पण त्यावर चेन चालवू नका.

झीज मोजायला साधी पट्टी पुरते. पट्टीचं शून्य एका पिनवर धरा; १२ इंचांवर असायला हवी ती पिन १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदला.

*

वरच्यात भर : सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांडीच्या) फटीतून फ्रेममध्ये पाणी उतरतं आणि बॉटम ब्रॅकेटपाशी (पेडलचा आस बसतो तिथे) साचतं. उंचीवर टेपची खूण करून सीटपोस्ट काढा आणि सायकल काही तास उलटी ठेवा. परत बसवताना ग्रीस लावा. फ्रेम किंवा सीटपोस्ट कार्बनची असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट. धुताना पाण्याचा जोराचा फवारा हब (चाकाचा मधला भाग) आणि हेडसेटवर (हँडल फिरतं तो सांधा) मारू नका, सीलमधून पाणी बेअरिंगमध्ये जातं.

*

रस्त्यावर टायरची हवा ५-१० पीएसआय कमी ठेवा. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणं सायकल सरळ ठेवून, ब्रेक न लावता ओलांडा. ओल्या टायरला काचेचे बारीक तुकडे चिकटतात आणि हळूहळू आत शिरतात, म्हणून थांबल्यावर टायरवरून नजर फिरवा. पुढच्या मडगार्डला रबरी फ्लॅप लावा, जमिनीपासून चार-पाच बोटं वर राहील इतका लांब. चेन आणि बॉटम ब्रॅकेटवर उडणारा बराचसा चिखल पुढच्याच चाकाचा असतो.