बसवलेल्या कृत्रिम गुडघ्याची हालचाल एक्स-रेवर मोजायची आहे, सेटअप सुचवा (बजेट ३ लाख)

परळ_ऑर्थो: खुर्चीतून उठताना कृत्रिम सांध्याचा फीमरचा (मांडीच्या हाडाचा) भाग टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) ट्रेवर किती मागेपुढे सरकतो, ते मिमीत हवंय. हाताशी इमेज इंटेन्सिफायरचा (एक्स-रेचं चित्र उजळ करणारी नळी) जुना सी-आर्म (C आकाराच्या हातावरचं फिरतं एक्स-रे यंत्र) आहे. काय घेऊ?

सायन_रेडिओ: सी-आर्म सोडा, आरएसए (दोन कोनांतल्या एक्स-रेंवरून थ्रीडी जागा मोजणं) करा. दोन ट्यूब, मध्ये साधारण ४० अंश, दोन्ही एक्सपोजर एकाच क्षणी, मागे कॅलिब्रेशन केज (ठरलेल्या जागी मणी असलेली मोजमापाची चौकट). टिबियात टँटलम धातूचे १ मिमीचे ६ ते ८ मणी, पसरून घाला. एका रेषेत आले तर फिरण्याचा कोन हाती लागत नाही.

दादर_बायोमेक: मणी ऑपरेशनच्या वेळीच घालतात, यांचे गुडघे आधीच बसलेत. आणि मणी लागतात ते ट्रे हाडात सरकतोय का हे बघायला. फीमर-ट्रेची आपसातली हालचाल दोन्ही भागांची थ्रीडी मॉडेल एक्स-रेच्या चित्रावर जुळवून निघते. साइजप्रमाणे मॉडेल कंपनीकडून आधी लेखी मागून घ्या, सगळं तिथेच अडतं. पण दोन ट्यूब हव्यातच.

वागळे_टूलरूम: केज अ‍ॅक्रिलिकची नको. मीटरला दर अंशामागे ०.०७ मिमी फुगतं. आमची २० अंशांवर मोजलेली केज २८ अंशांच्या खोलीत ३० सेंमीला ०.१७ मिमी वाढली. कार्बन फायबर घ्या, महाग पडलं तरी.

दादर_बायोमेक: सगळीकडून सारखी फुगली तर फक्त स्केल बदलतो. १० मिमी सरकण्यात चूक ०.००६ मिमी. एसीचा झोत एकाच बाजूला लागून केज वाकली, तर खरं नुकसान.

वागळे_टूलरूम: पावसाळ्यात अ‍ॅक्रिलिक पाणीही पितं. मी तरी घेणार नाही.

सायन_रेडिओ: परत सांगतो, दोन ट्यूब. शक्यतो दोन फ्लॅट पॅनेलही (एक्स-रे टिपणारे सपाट डिटेक्टर).

ठाणे_फ्लुरो: ३ लाखांत? एका सी-आर्मवर काम होतं, पण मर्यादा ओळखून. बाजूने घेतलेल्या चित्रात मागेपुढे १ मिमीच्या आसपास बरोबर येतं. ट्यूबकडे-पॅनेलकडे सरकणं मात्र कित्येक मिमी चुकतं, ते आकडे छापू नका. ट्रे डावी-उजवीकडे सारखा असल्यामुळे आरशातली उलटी स्थितीही चित्रावर तितकीच चपखल बसते. म्हणून किरण थोडे तिरके घ्या. मण्यांच्या जाळीची प्लेट लावून चित्रातली विकृती (वेडंवाकडेपणा) काढा, आणि सी-आर्म फिरवला की जाळीचं चित्र नव्याने घ्या, कारण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे प्रतिमेचा पीळ बदलतो. पल्स (एका चित्रासाठीचा एक्स-रेचा झटका) छोटा ठेवा. गुडघा सेकंदाला २०० मिमी सरकत असेल तर १० मिलिसेकंदांत २ मिमी फराटा येतो.

चेंबूर_आरएसओ: दुसरी ट्यूब आणली की एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) ई-लोरा या त्यांच्या पोर्टलवर नवा अर्ज, शील्डिंग नव्याने. पेशंटला वारंवार फ्लुरो (हालचाल टिपणारा सलग एक्स-रे) द्यायचा तर एथिक्स कमिटीला डोसचा हिशोब आधी द्या.

परळ_ऑर्थो: सर्वांचे आभार. दोन ट्यूब घेत नाही, केजही नाही. मला फक्त मागेपुढचं सरकणं हवंय, तेवढंच छापेन. जाळीची प्लेट आणि मायक्रोमीटर स्टेज (वस्तू मोजून सरकवणारा स्क्रूचा मंच) घेतो. प्लास्टिकच्या हाडांवर इम्प्लांट बसवून स्टेजने ०.५ मिमीच्या टप्प्यांनी सरकवीन, प्रत्येक टप्पा दोनदा घेईन. फरक १ मिमीच्या आत राहिला, तरच पेशंट बोलावीन.

सायन_रेडिओ: दुसऱ्या खेपेला मांडणी पूर्ण मोडून परत लावा. जागच्या जागी दोनदा घेतलेलं चित्र नेहमीच जुळतं.