मदत हवी आहे: बोकडाच्या चरबीचा मलम दाणेदार होतो आणि उग्र वास मारतो

रानवाट

नमस्कार. गेल्या दिवाळीपासून मी धान्य, साखर आणि बियांची तेले बंद केली असून माझे जेवण मटण, कलेजी, अंडी, मासे आणि तूप एवढ्यावरच चालते. त्याबद्दल मला सल्ला नको आहे. जे खाता येत नाही ते अंगालाही लावू नये, या विचाराने साबण, क्रीम आणि डिओडरंटही सोडले. आता अंगाला बेसन, काखेला खाण्याचा सोडा आणि चेहऱ्याला व टाचांना घरी कढवलेल्या चरबीचा मलम वापरतो.

अडचण मलमाची आहे. गाळताना चरबी अगदी स्वच्छ दिसते, पण बरणीत थिजली की दाणेदार होते, त्वचेवर पसरत नाही, आणि काही दिवसांतच तिला असा वास सुटतो की घरातली मंडळी माझ्या शेजारी बसायला तयार नसतात. परदेशी व्हिडिओंमधला मलम मऊ आणि बिनवासाचा दिसतो. लव्हेंडरचे तेल घालून पाहिले, तर बोकडाने अत्तर लावून यावे तसा प्रकार झाला. येत्या रविवारी पुन्हा चरबी आणणार आहे, त्याआधी कृपया नेमके उत्तर द्यावे.

रसायनी

नेमके उत्तर हवे असेल तर माहितीही नेमकी द्यावी लागेल. चरबी शरीराच्या कोणत्या भागाची होती? बोकड खच्ची केलेला होता का? चरबी कोरडीच कढवता की पाणी घालून? गाळल्यावर ती पुन्हा तापवता का? आणि मलमात लव्हेंडरखेरीज आणखी काय काय असते?

तूपरोटी

एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे शतधौत घृत आहे. तांब्याच्या परातीत गाईचे तूप घ्यावे, त्यात थंड पाणी घालून तळहाताने फेसावे, पाणी ओतून द्यावे आणि पुन्हा नवे घ्यावे, असे शंभर वेळा करावे. तूप पांढरेशुभ्र आणि हलके होते, त्याचा तुपट वासही बराचसा जातो. भाजलेल्या आणि कोरड्या त्वचेसाठी वैद्य ते वर्षानुवर्षे देत आले आहेत. शिवाय तूप अंगाच्या उष्णतेला वितळते, चरबी वितळत नाही. दोन्ही प्राणिजन्यच आहेत, मग आपल्या नियमातही ते बसावे.

रानवाट

तुपाबद्दल मी विचारलेले नाही. रसायनी, चरबी म्हणजे चरबी. रविवारी मटणाबरोबर खाटीक जी फुकट देतो ती. खच्ची होता की नाही हे त्याला कोण विचारणार? लोखंडी कढईत कोरडीच कढवतो आणि एकदा गाळतो. बाकी नेहमीचेच.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते. इथे गवतावर वाढवलेल्या गाईची गुर्द्याभोवतीची चरबी मांसाच्या दुकानात सहज मिळते आणि तिचा मलम छान होतो. आपण गाईचीच चरबी का घेत नाही?

साताराकर

ताई, आपण बराच काळ इकडे आलेल्या दिसत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचे मांस कायद्याने चालते, पण ते सगळीकडे मिळत नाही. येथे प्रश्न बोकडाचा आहे, आणि येथल्या माणसाला बोकड किंवा मेंढीच परवडते.

डॉ_निवांत

सल्ला नको असे आपण म्हटले असले तरी दोन गोष्टी सांगतो. पहिली सोड्याची. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ असतो, आणि खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाचा ८ च्या वर जातो. काखेत लाली किंवा जळजळ होत असेल तर ती बहुधा त्यानेच होते, आणि वर चरबी चोळल्याने ती थांबणार नाही. सोड्याऐवजी तुरटीचा खडा ओला करून फिरवावा. दुसरी गोष्ट, हा आहार सुरू करण्यापूर्वी आणि नंतर रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तपासले होते का? काहींचे ते अशा आहारावर फारच वाढते, आणि ते वाढलेले अंगाला जाणवत नाही.

रानवाट

लाली आहे, पण ती उन्हाळ्याची असेल. एलडीएलची भीती मला घालू नये. व्हिल्हाल्मुर स्टेफान्सन नावाचा ध्रुवप्रदेशी संशोधक १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल झाला आणि त्याने व त्याच्या एका सहकाऱ्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर केवळ मांस खाऊन दाखवले. दोघांनाही स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, झाला नाही. आपले पूर्वजही मांसच खात होते.

घोडनदीकाठचा

कोणाचे पूर्वज, हे आधी ठरवावे. शिरूरजवळच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. तेथे गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि हरणांची हाडे आहेत, म्हणजे मांस खाल्ले जात होतेच. पण त्याच घरांत धान्य साठवण्याची पेवे आणि रांजणांच्या जागा आहेत, आणि जळालेले जव मोठ्या प्रमाणावर आहेत. घोडनदीकाठचा पूर्वज बोकडही खात होता आणि जवही. ध्रुवावरच्या माणसाचा पुरावा आणून दख्खनच्या माणसाचे ताट सिद्ध होत नाही.

रानवाट

आपण ज्यांबद्दल बोलता ते शेतकरी होते. मी शेतीच्या आधीच्या माणसाबद्दल बोलतो आहे.

साताराकर

मग स्टेफान्सनची गोष्ट पूर्ण तरी सांगावी. त्या प्रयोगाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी त्याला मुद्दाम केवळ बिनचरबीचे मांस दिले, आणि काही दिवसांतच त्याला मळमळ व जुलाब सुरू झाले. चरबी मिळू लागली तेव्हा तो सावरला. पुढचे वर्षभर त्याच्या आहारातील बहुतेक उष्मांक चरबीतूनच येत होते. आता आपल्या उस्मानाबादी बोकडाकडे पाहावे. त्याच्या मांसात चरबी मुळातच कमी असते. म्हणजे आपल्याच सिद्धांताप्रमाणे जी चरबी ताटात जायला हवी, ती आपण टाचांना लावत आहात. मी तर म्हणतो, चरबीत कलेजी परतून खावी आणि टाचांसाठी दुसरे काही पाहावे.

सिंधुदुर्गी

टाचांसाठी भिरंडेल. कोकमाच्या बियांचे ते तेल थिजून घट्ट होते, त्याचे गोळे आमच्याकडे घरोघरी असत. पळीत जरा तापवून भेगांत सोडायचे. त्याला वास नाही, बुरशी नाही, आणि वर्षभर टिकते. चरबी लावणे ही परदेशातून आलेली हौस आहे.

हडसनकाठ

परदेशी हौस कशी? नामिबियातील हिंबा स्त्रिया दुधाच्या स्निग्धात तांबडा गेरू खलून अंगाला आणि केसांना लावतात आणि सुगंधासाठी त्यात झुडपाचा डिंक घालतात. पाण्याचे दुर्भिक्ष असलेल्या, रखरखीत उन्हाच्या प्रदेशातील ती समजूतदार रीत आहे.

तूपरोटी

दुधाचे स्निग्ध म्हणजे लोणी-तूपच की. माझाच मुद्दा आपण मांडलात.

रसायनी

मूळ प्रश्नाकडे येऊ. बोकडाचा तो विशिष्ट वास फांदीदार साखळीच्या काही मेदाम्लांमुळे (चरबीतल्या आम्लांमुळे) येतो, त्यांतले ४-इथाइलऑक्टॅनॉइक आम्ल प्रमुख. न खच्ची केलेल्या, वयात आलेल्या बोकडात ते सर्वाधिक असते, म्हणून खाटकाला विचारणे आवश्यक होते. फुकटात मिळणारी चरबी ही छाटणीची असते. तिला मांसाचे धागे, पडदे आणि रक्त लागलेले असते, आणि कोरडे कढवताना ते सगळे तळाशी करपते.

रविवारी फक्त गुर्द्याभोवतीची चरबी मागावी, ती पांढरी आणि ठिसूळ असते. गार असतानाच पडदे सोलून तिचे बारीक तुकडे करावेत किंवा खाटकाकडूनच खिमा करून घ्यावा. पातेल्यात चरबी बुडेल इतके पाणी आणि चमचाभर मीठ घालून अगदी मंद आचेवर ठेवावे, पाणी खदखदू देऊ नये. पातळ सुती कापडातून गाळून गार होऊ द्यावे. वर चरबीची वडी बसते आणि तिच्या पोटाला करडा, लिबलिबीत थर चिकटलेला असतो. तो सुरीने खरवडून काढावा. वास उतरेपर्यंत हेच दोन-तीनदा करावे. शेवटी लोणी कढवतो तसे तडतड पूर्ण थांबेपर्यंत तापवावे, कारण तडतड म्हणजे आत राहिलेले पाणी.

दाणे पडतात ते सावकाश थिजल्यामुळे. बोकड-मेंढीच्या चरबीत स्टिअरिक आम्ल हे घट्ट मेदाम्ल भरपूर असते, त्याचे स्फटिक आधी आणि मोठे होतात. पातेले बर्फाच्या पाण्यात ठेवून ती घट्ट होईपर्यंत सतत फेटावी. आणि ती पसरत नाही याचे कारण असे की तिचा वितळणबिंदू ४५ अंशांच्या आसपास आहे आणि त्वचेचे तापमान ३२ ते ३४ अंश असते. तीन भाग चरबीला एक भाग पातळ तेल मिसळल्याखेरीज ती मऊ होणार नाही.

वास आधीपासून होता की नंतर सुटला, यावर मात्र माझे समाधान झालेले नाही. ‘बाकी नेहमीचेच’ म्हणजे काय?

रानवाट

बियांचे तेल मी घालणार नाही. नेहमीचे म्हणजे कोरफडीचा ताजा गर, दोन चमचे. तो सगळेच घालतात, त्यात लिहिण्यासारखे काय आहे?

रसायनी

त्यातच सगळे आहे. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळे पाणीच असते. चरबीत पाणी आणि वनस्पतीचा ओला गर घालून बरणी न्हाणीघरात ठेवली की जिवाणू आणि बुरशीची सोय होते, आणि चरबी खवट होण्याचा वेगही वाढतो. घरच्या मलमात पाण्याचा थेंब जाता कामा नये आणि बोटही कोरडेच घालावे. तूपरोटी यांच्या शतधौत घृतालाही हेच लागू आहे, त्यात पाणी शिरलेले असते, म्हणून ते थोडेच करावे आणि लवकर संपवावे.

तेलाचे म्हणाल तर खोबरेल घ्यावे, पण नारळ हेही बीच आहे. ऑलिव्हचे तेल फळाच्या गराचे असते, एवढ्याने आपले समाधान व्हावे.

तूपरोटी

आमच्या घरी तीन पिढ्या शतधौत घृत टिकले आहे.

डॉ_निवांत

चेहऱ्याला लावण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावे. चरबी आपल्या त्वचेच्या तेलासारखीच असते असे व्हिडिओंत सांगतात, ते अर्धेच खरे आहे. माणसाच्या त्वचेच्या तेलात स्क्वालीन नावाचे तेलकट द्रव्य आणि मेणयुक्त घटक लक्षणीय प्रमाणात असतात, चरबीत ते तसे नसतात. मुरुमे येणाऱ्या त्वचेला तर ती टाळलेलीच बरी. एलडीएलचे उत्तर आपण अजून दिलेले नाही.

रानवाट

रसायनी, आभार. गुर्द्याची चरबी सांगून ठेवली आहे, खाटीक तिचे आता पैसे मागतो आहे. जुन्या बरणीचे काय करावे?

रसायनी

पृष्ठभागावर हिरवे-काळे ठिपके असतील तर फेकून द्यावी. नसतील तरी चेहऱ्याला लावू नये. पुन्हा पाण्यातून कढवून घेतल्यास कातडी वहाणांना आणि पट्ट्यांना चोळता येईल, चामडे मऊ ठेवायला चरबी पूर्वीपासून वापरतात.

साताराकर

वहाणा घराबाहेर काढून ठेवाव्यात. गल्लीतली कुत्री कोल्हापुरी सोडत नाहीत.

वाचनमात्र

धागा आवडला. माझे केस फार गळतात आणि मी शुद्ध शाकाहारी आहे. शिकेकाई पाण्यात रात्रभर भिजवावी की उकळावी, हे कोणी सांगेल का?