एसीखालच्या भिंतीवर बुरशी: आधी रंग लावावा की आधी कारण शोधावे?

प्रश्न (मधुरा, ठाणे)

आमच्या ११० चौरस फुटांच्या झोपण्याच्या खोलीत तीन वर्षांपूर्वी दीड टनाचा स्प्लिट एसी बसवला. यंदा जुलैपासून त्याच्या उजव्या कोपऱ्याखाली भिंतीवर काळे ठिपके उमटले असून, याच भिंतीच्या पलीकडे, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीतही रंग ओलसर लागतो. त्या खोलीत एसी नाही. एसी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे कुबट वास येतो. तो रात्रभर २० अंशांवर चालतो. सासूबाईंना दमा असल्याने काळजी वाटते. रंगारी बुरशीरोधक रंग लावण्यास सांगत आहे. लावावा का?

उत्तर १ (एसी दुरुस्तीचे काम करणारा)

ताई, रंग इतक्यात लावू नका. ओल्या भिंतीवर कोणताही रंग टिकत नाही आणि बुरशी त्याच्या आडून पुन्हा वर येते.

पावसाळ्यात एसीच्या थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होऊन ते ट्रेमध्ये उतरते व ड्रेन पाइपने बाहेर जाते. एसी बंद करून ट्रेमध्ये हळूहळू एक मग पाणी ओता. ते बाहेर अडखळत येत असेल, तर पाइपमध्ये शेवाळासारखा गाळ साचला आहे किंवा पाइपला पुरेसा उतार नाही. त्यानंतर तांब्याच्या नळ्या भिंतीतून जातात ते भोक पाहा. नळ्यांवरचा फोम तेथे फाटलेला असेल, तर उघड्या नळीला घाम सुटून ते पाणी भिंतीतच मुरते, आणि भोकाचा उतार आतल्या बाजूस असेल, तर पावसाचे पाणीही आत येते. भोक बाहेरून नीट बुजवलेले असलेच पाहिजे.

वास बहुधा ब्लोअरचा असावा. नुसती जाळी धुऊन तो जात नाही. ब्लोअर आणि कॉइल दोन्ही धुवावे लागतात. रोज एसी बंद करण्यापूर्वी अर्धा तास फक्त पंख्याच्या मोडवर चालवल्यास कॉइल कोरडी होते.

उत्तर २ (वास्तुविशारद)

पलीकडच्या खोलीतील ओलीचे कारण वेगळे असू शकते. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू सुमारे २६ अंश असतो, म्हणजे त्याहून थंड झालेल्या प्रत्येक पृष्ठभागावर दव साचते. आपण २० अंश ठेवल्याने मधली भिंत गार पडते आणि अभ्यासाच्या खोलीतील दमट हवा तिच्यावर पाणी सोडते. तापमान २५-२६ अंशांवर आणावे, त्या भिंतीला टेकलेले कपाट पुढे ओढावे. शिवाय एवढ्या लहान खोलीला दीड टन अधिक वाटतो. मोठा एसी खोली लवकर गार करून थांबतो आणि हवेतील बाष्प पुरेसे निघत नाही.

दोन्ही बाजूंना, ठिपक्यांशेजारच्या भागावर, पुसून कोरडी केलेल्या भिंतीला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. पाणी फॉइलच्या पुढच्या बाजूस साचले तर ते हवेतले, मागच्या बाजूस साचले तर भिंतीतले.

उत्तर ३

पुसताना सासूबाईंना त्या खोलीत येऊ देऊ नका, कारण कोरडे ठिपके खरवडले की बुरशीचे बीजाणू हवेत पसरतात. मास्क व हातमोजे घालून, खिडक्या उघडून, साबणाच्या पाण्याने ओले करूनच पुसा. ब्लीच वापरल्यास त्यात शौचालय साफ करण्याचे आम्ल कदापि मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मधुरा

फॉइल आज काढली. अभ्यासाच्या खोलीत ती पुढून ओली होती, तर एसीखाली मागून. भोकाजवळचा फोम वीतभर फाटलेला आढळला. तो बदलून, भोक बुजवून आता २६ अंशांवर एसी चालवत आहोत. भिंत पूर्ण सुकल्यावरच रंगाऱ्याला बोलावू. आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.