रजिस्टर लग्नात सोहळा म्हणून काही असतं का?

कोराकागद: आम्हा दोघांनाही विधी नकोत, नोंदणी पद्धतीनेच करायचंय. घरून विरोध नाही, पण आई म्हणते, "सह्या ठोकून घरी यायचं, हे काय लग्न झालं?" खरं तर मलाही जरा कोरडंच वाटतंय. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा ना, त्या दिवशी होतं काय? तारीख तीन आठवड्यांनंतरची धरलीये.

पायरीवरची: आधी तारीख बदला! विशेष विवाह कायद्यात (१९५४) नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावंच लागतं. नोटिशीपासून ३ महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

आता सोहळा. सह्या आहेतच, पण खरं लग्न लागतं ते एका वाक्यावर. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर, आपल्याला कळणाऱ्या भाषेत एकमेकांना म्हणायचं, की मी अमुक, तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते. ते दोघांनी म्हटल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही. बाकी रीत कुठली, ते कायद्याने आपल्यावर सोडलंय.

मी आठवडाभर घोकलं होतं. ऐन वेळी 'पती'च्या जागी 'पत्नी' म्हणून बसले. अधिकारीबाई हसल्यासुद्धा नाहीत. "परत म्हणा, सावकाश," एवढंच. पहिल्यांदा मी टेबलावरच्या फायलींकडे बघून बोलले होते, दुसऱ्यांदा त्याच्याकडे. सगळ्यात नाराज होत्या सासूबाई. त्यांना मुद्दाम साक्षीदार केलं. सही करायच्या आधी कितीतरी वेळ पेन झटकत राहिल्या. शाई व्यवस्थित येत होती.

उंबरठा: ऑफिसातच करावं लागतं का? आजीला जिने चढवत नाहीत.

पायरीवरची: नाही. जादा फी भरून जवळपासच्या ठिकाणीही लावता येतं. ऑफिसात आधी विचारून ठेवा, आयत्या वेळी नको.

जुनीवही: आईंना सांगा, भटजीविना लग्न हे काही आजचं खूळ नाही. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न लागलं, सावित्रीबाईंच्या पुढाकाराने. तिथेही वधूवरांनी शपथाच घेतल्या होत्या.

कोराकागद: तारीख पुढे ढकलली. आई साक्षीदार व्हायला तयार झालीये. सकाळपासून दोनदा विचारून झालं, "ते वाक्य मलाही म्हणायचं असतं का गं?"